पायरीमागचा भोवरा: टर्ब्युलंट प्रवाहाचे पहिले सिम्युलेशन कसे करावे

टर्ब्युलंट, म्हणजे लहानमोठ्या भोवऱ्यांनी खळबळलेल्या, प्रवाहाचे सिम्युलेशन शिकायला बसलेले बरेच जण पहिल्याच आठवड्यात मोटारगाडी नाहीतर विमानाचा पंख हातात घेतात. रंगीत चित्र तयार होते, छान दिसते, पण ते बरोबर की चूक हे सांगणारे हाताशी काहीच नसते. म्हणून सुरुवात अशा प्रवाहापासून करावी, ज्याचे उत्तर कुणीतरी प्रयोगशाळेत नीट मोजून ठेवले आहे. आपण इथे तसाच एक प्रवाह पहिल्या आकड्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत नेणार आहोत.

प्रवाह साधा आहे. आयताकृती बोगद्यातून हवा येते आणि वाटेत खालची भिंत एकदम एक पायरी उतरते. पायरीच्या धारेवर हवा भिंत सोडते. धारेमागे एक भोवरा अडकून फिरत राहतो आणि थोडे पुढे गेल्यावर प्रवाह पुन्हा खालच्या भिंतीला टेकतो. पायरीपासून त्या टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर भागिले पायरीची उंची, हा एकच आकडा आपल्याला शोधायचा आहे. नासाच्या एम्स केंद्रातल्या ड्रायव्हर आणि सीगमिलर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात तो ६.२६ आला, अनिश्चितता ०.१० ची.

त्यांच्या प्रयोगाची मापे आधी कागदावर लिहून घ्या. पायरीची उंची १२.७ मिमी. पायरीआधी बोगद्याची उंची तिच्या ८ पट, म्हणजे १०१.६ मिमी, आणि पायरीनंतर ९ पट, म्हणजे ११४.३ मिमी. पायरीच्या थोडे आधी बोगद्याच्या मध्यावर वेग ४४.२ मीटर प्रति सेकंद. तिथे बाउंडरी लेयरची, म्हणजे भिंतीमुळे वेग मंदावलेल्या थराची, जाडी पायरीच्या उंचीच्या दीडपट, साधारण १९ मिमी. पायरीच्या उंचीवर काढलेली रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे वेग गुणिले उंची भागिले व्हिस्कॉसिटी, सुमारे ३६,०००. या संख्येवरून हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे घनतेने भागलेला चिकटपणा, ०.००००१५६ चौरस मीटर प्रति सेकंद धरायची.

पद्धत कोणती?

तीन वाटा आहेत. पहिली डीएनएस (डायरेक्ट न्यूमरिकल सिम्युलेशन): सगळे भोवरे, अगदी लहानात लहानही, जाळीवर, म्हणजे क्षेत्राचे पाडलेल्या छोट्या पेट्यांवर, पकडायचे. कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या मांडणीनुसार सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान भोवऱ्याच्या आकारांचे गुणोत्तर रेनॉल्ड्स संख्येच्या पाऊण घाताने वाढते, म्हणून त्रिमितीत बिंदूंची संख्या सव्वादोन घाताने वाढते. आपल्या ३६,००० ला हा ढोबळ हिशेब लावला तर सुमारे १,७८० कोटी बिंदू येतात. वेगाची चढउतार मूळ वेगापेक्षा कमी असते, त्यामुळे प्रत्यक्ष गरज यापेक्षा कमी पडते, तरीही लॅपटॉपने याचा विचार सोडलेला बरा.

दुसरी एलईएस (लार्ज एडी सिम्युलेशन): मोठे भोवरे सोडवायचे, जाळीपेक्षा लहान भोवऱ्यांचे मॉडेल करायचे. तिसरी रॅन्स (रेनॉल्ड्स-ॲव्हरेज्ड नेव्हियर-स्टोक्स): काळावर सरासरी काढायची आणि सगळ्याच चढउतारांचा परिणाम मॉडेलवर सोपवायचा. सरासरी काढली की समीकरणात नवे अज्ञात ताण उभे राहतात. त्यांच्या जागी एक वाढीव व्हिस्कॉसिटी धरायची ही कल्पना बूसिनेस्क यांची, १८७७ सालची, आणि आजची बहुतेक रॅन्स मॉडेले अजून तिच्यावरच उभी आहेत.

पहिले काम रॅन्सनेच करा. एलईएसची घाई करू नका. जाळी, भिंत, प्रवेशद्वार आणि तपासणी या चारही गोष्टी रॅन्समध्ये तुमच्या हातात असतात आणि चूक झाली तर तासाभरात कळते. एलईएसमध्ये तीच चूक कळायला आठवडा जातो.

मॉडेल के-ओमेगा एसएसटी घ्या. मेंटर यांनी ते १९९४ मध्ये मांडले. के म्हणजे चढउतारांची ऊर्जा, एप्सिलॉन आणि ओमेगा ही ती किती वेगाने विरते याची दोन मापे. ते भिंतीजवळ के-ओमेगासारखे आणि लांब के-एप्सिलॉनसारखे वागते, आणि भिंतीपासून सुटणाऱ्या प्रवाहात साध्या के-एप्सिलॉनपेक्षा भरवशाचे आहे. साधे के-एप्सिलॉनही नंतर एकदा चालवून पाहा, कारण ते कुठे चुकते हे याच पायरीवर स्वच्छ दिसते.

साधन

ओपनफोम फुकट आहे, लिनक्सवर चालते आणि त्याच्या सगळ्या फाइली साध्या मजकुराच्या असल्यामुळे आत काय चालले आहे ते वाचता येते. चित्रे पाहायला पॅराव्ह्यू. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ओपनफोमच्या प्रसाराचे काम करतो, त्याचे साहित्य नवख्यांनी जरूर पाहावे. आज्ञांची नावे आपण इथे देवनागरीत देतो आहोत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता टाइप करायची, पहिला शब्द लहान लिपीत आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर मोठे. ओपनफोमच्या दोन शाखा आहेत. फाउंडेशनच्या शाखेत ११व्या आवृत्तीपासून सिम्पलफोम या, स्थिर प्रवाह सोडवणाऱ्या प्रोग्रामचे काम फोमरन या एका प्रोग्रामखालच्या मॉड्यूलकडे गेले, दुसऱ्या शाखेत सिम्पलफोम तसाच आहे. कुठलीही उदाहरण-फाइल उतरवण्याआधी ती कुठल्या शाखेची आहे ते बघा. नवख्यांचा निम्मा वेळ या गोंधळातच जातो.

कोऱ्या फोल्डरपासून सुरुवात करू नका. ओपनफोमबरोबर येणारे पिट्झडेली हे उदाहरण कॉपी करा, तीही पायरीच आहे. फक्त एक लक्षात ठेवा: तिथली पायरी २५.४ मिमीची आणि वेग १० मीटर प्रति सेकंद आहे. तिथे के ०.३७५ आणि एप्सिलॉन १४.८५५ असे लिहिलेले असते. हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. ५ टक्के चढउतार धरली की ०.५ चा वर्ग गुणिले दीड म्हणजे ०.३७५, आणि पायरीच्या दहाव्या भागाइतकी भोवऱ्याची लांबी धरली की १४.८५५. हे दोन आकडे दुसऱ्याच कुठल्या प्रवाहाच्या फाइलमध्ये जसेच्या तसे राहून गेलेले सर्रास दिसतात. असे केलेले काम पहिल्या पानावरच ओळखू येते.

टप्पा १: क्षेत्र किती लांब घ्यायचे

पायरीनंतर तिच्या उंचीच्या ५० पट, म्हणजे ६३५ मिमी ठेवा. बाहेर पडण्याची कड भोवऱ्याच्या जवळ आणली तर तिथून हवा उलटी आत येऊ लागते आणि गणित डळमळते.

पायरीआधीची लांबी मात्र चैन म्हणून ठेवायची नसते, तिचे काम वेगळे आहे. आत येणारी हवा सपाट वेगाने सोडली तर बाउंडरी लेयर शून्यापासून वाढत जातो, आणि पायरीपर्यंत तो बरोबर १९ मिमी जाड झालेला हवा. नासाच्या लँग्ली केंद्राने तपासणीसाठी ठेवलेल्या जाळीत यासाठी पायरीआधी उंचीच्या ११० पट भिंत दिली आहे. आपणही तेवढीच देऊ: १,३९७ मिमी. ही लांबी ५ किंवा १० पटींवर आणली तर बाउंडरी लेयर पातळ राहतो, धारेवरून सुटणारा थर वेगळा होतो आणि टेकण्याचे अंतर बदलते. तुम्ही वेगळाच प्रयोग सोडवलेला असतो आणि संगणक त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

आता वेग. ४४.२ हा आकडा पायरीजवळच्या मध्याचा आहे, प्रवेशद्वाराचा नाही. वाटेत दोन्ही भिंतींवर बाउंडरी लेयर वाढतो आणि हवेची वाट अरुंद होते. त्याची विस्थापन जाडी, म्हणजे वाट प्रत्यक्षात जेवढी अरुंद होते तेवढी जाडी, एकूण जाडीच्या आठव्या भागाइतकी धरली तर प्रत्येक भिंतीवर सुमारे २.४ मिमी जातात. १०१.६ पैकी ९६.८ मिमी उरतात, म्हणून मध्यावरचा वेग ५ टक्के वाढतो. प्रवेशाला ४२ मीटर प्रति सेकंद द्या, उत्तर आल्यावर पायरीच्या ४ उंच्या आधी मध्यावर वेग किती आला ते वाचा, आणि गरज पडली तर थोडा हलवा.

टप्पा २: भिंतीजवळची पहिली पेटी

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

भिंतीला चिकटलेला थर अतिशय पातळ असतो आणि जाळीची पहिली पेटी त्याच्या आत आहे की बाहेर यावर मॉडेलचे वागणे ठरते. त्याचे माप वाय-प्लस: भिंतीपासूनचे अंतर गुणिले घर्षण-वेग, भागिले व्हिस्कॉसिटी. घर्षण-वेग आधी माहीत नसतो, म्हणून अंदाज करायचा. अशा बाउंडरी लेयरमध्ये घर्षण-गुणांक ०.००२८ च्या आसपास धरता येतो. त्याच्या निम्म्याचे वर्गमूळ ०.०३७४, गुणिले ४४.२, म्हणजे घर्षण-वेग सुमारे १.६५ मीटर प्रति सेकंद. व्हिस्कॉसिटीला याने भागले की ९.४ मायक्रॉन. वाय-प्लस १ म्हणजे भिंतीपासून एवढे अंतर.

ओपनफोम पेटीच्या मध्यावर मूल्य ठेवते. त्यामुळे पहिल्या पेटीची उंची याच्या दुप्पट, १९ मायक्रॉन, घ्यायची. ही दुप्पट विसरणारे पुष्कळ आहेत. विसरले तर फारसे बिघडत नाही, जाळी फक्त गरजेपेक्षा बारीक होते. उलट दिशेची चूक महागात पडते.

इतकी बारीक जाळी नको असेल तर वॉल फंक्शन वापरतात, म्हणजे भिंतीजवळचा भाग सूत्राने भरून काढतात. तेव्हा वाय-प्लस ३० ते १०० च्या दरम्यान हवा. आपल्या प्रवाहात ५० साठी पेटीचा मध्य ०.४७ मिमीवर येतो. मात्र ५ ते ३० चा पट्टा टाळा, तिथे पातळ थराचा नियमही लागू नसतो आणि लॉगरिदमचाही. शिवाय पायरीमागे, जिथे प्रवाह उलटा फिरतो आणि जिथे तो भिंतीला टेकतो, तिथे घर्षण शून्यातून जाते आणि वॉल फंक्शनचा पायाच सुटतो. आपला हवा असलेला आकडा नेमका तिथलाच आहे, म्हणून इथे बारीक जाळीच घ्यायची.

१९ मायक्रॉनपासून निघून दर पेटी १५ टक्क्यांनी मोठी करत गेलो तर १९ मिमीचा बाउंडरी लेयर ३६ पेट्यांत भरतो. शेवटची पेटी अडीच मिमीची होते. मधला गाभा अडीच मिमीच्या २५ पेट्यांत भरा. म्हणजे पायरीआधी उभ्या दिशेला ९७ पेट्या. पायरीमागच्या १२.७ मिमीत खालच्या भिंतीपासून निम्म्यापर्यंत २८ आणि तिथून धारेपर्यंत पुन्हा लहान होत जाणाऱ्या २८. धारेशी जाळी बारीक ठेवायलाच हवी, कारण सुटलेला थर तिथे कागदासारखा पातळ असतो.

आडव्या दिशेला पायरीपाशी ०.०५ मिमीने सुरू करा. पुढच्या बाजूला १.५ मिमीपर्यंत वाढवा, १२ उंच्यांपर्यंत तेवढेच ठेवा आणि मग सैल सोडा. एकूण १८५ पेट्या पुरतात. मागच्या बाजूला २० मिमीपर्यंत वाढू द्या, १२२ पेट्या होतात. सगळी बेरीज सुमारे ४० हजार पेट्या. साधा लॅपटॉप हे काम आरामात करतो.

टप्पा ३: जाळी फाइलमध्ये उतरवणे

ब्लॉकमेश या आज्ञेला तीन ठोकळे लागतात: पायरीआधीचा, पायरीनंतर वरचा, पायरीनंतर खालचा. द्विमितीत ८ कोपरे, जाडी देण्यासाठी त्यांची दुसरी प्रत, असे १६ बिंदू. मापे मिमीत लिहा आणि स्केल ०.००१ द्या. हा ०.००१ राहून गेला तर पायरी १२.७ मीटर उंच होते आणि रेनॉल्ड्स संख्या ३ कोटी ६० लाख. गणित तरीही चालते, म्हणूनच ही चूक लपून राहते.

दुसरा सापळा वाढीच्या गुणोत्तराचा. ब्लॉकमेशला लागोपाठच्या दोन पेट्यांचे गुणोत्तर नको असते, शेवटच्या आणि पहिल्या पेटीचे हवे असते. १.१५ लिहिले तर जाळी जवळजवळ एकसारखी निघते. ३६ पेट्यांसाठी १.१५ चा ३५ वा घात, म्हणजे सुमारे १३३, लिहायचा.

जाळी झाली की चेकमेश चालवा. आपल्या जाळीत सगळे कोन काटकोन आहेत, त्यामुळे तिरकेपणाची तक्रार येऊ नये. आली तर बिंदूंचा क्रम चुकला आहे. लांबी-उंचीचे गुणोत्तर १,००० च्या वर गेल्याची सूचना येईल: २० मिमी लांब आणि १९ मायक्रॉन उंच पेट्यांची. प्रवाह भिंतीला समांतर आहे तिथे हे चालते. पायरीच्या जवळ मात्र तशा पेट्या नसाव्यात. पुढचा आणि मागचा पृष्ठभाग एम्प्टी जाहीर करा, म्हणजे प्रोग्राम गणित द्विमितीतच करेल.

टप्पा ४: कडांवर काय द्यायचे

वेग: प्रवेशाला ४२ मीटर प्रति सेकंद, वरच्या-खालच्या भिंतींवर आणि पायरीच्या उभ्या अंगावर शून्य, बाहेर पडताना उतार शून्य. दाब: बाहेर पडताना शून्य, बाकी सगळीकडे उतार शून्य. अदाब्य, म्हणजे घनता न बदलणाऱ्या, प्रवाहाच्या प्रोग्राममधला दाब घनतेने भागलेला असतो. पास्कल हवे असतील तर हवेसाठी १.२ ने गुणा.

टर्ब्युलन्स: चढउतार १ टक्का धरा. ०.४२ चा वर्ग गुणिले दीड, के ०.२६५. ओमेगासाठी भोवऱ्याच्या लांबीचा अंदाज करत बसण्यापेक्षा टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी हवेच्या १० पट धरा. मग ओमेगा म्हणजे के भागिले ०.०००१५६, सुमारे १,७०० प्रति सेकंद. इथे कुणी नुसता १ ठेवला तर टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी हवेच्या सुमारे १७ हजार पट होते. आत येणारी हवा काकवीसारखी वागू लागते आणि पायरीमागचा भोवरा आखडतो. उत्तर विचित्र आले की सर्वांत आधी हा भागाकार करून पाहा.

प्रवेशाला दिलेली चढउतार वाटेत विरत जाते हेही माहीत असावे. १.४ मीटरच्या प्रवासात बोगद्याच्या मध्यावरचा १ टक्का पायरीपर्यंत जेमतेम ०.४ टक्के उरतो. इथे ते चालते, कारण पायरीमागचा टर्ब्युलन्स बाउंडरी लेयरमधून आणि सुटलेल्या थरातून जन्मतो. पण चढउतार मोजून ठेवलेली असेल तर ती कुठल्या जागी मोजली आहे, ते विचारल्याशिवाय आकडा भरू नये.

भिंतीवर के जवळजवळ शून्य द्या. प्रोग्राम शून्याने भागत बसू नये म्हणून ०.०००००००००१ सारखा अगदी लहान आकडा लिहितात. ओमेगा भिंतीवर अनंताकडे जातो. त्यासाठी ओमेगा वॉल फंक्शन नावाची अट निवडा, ती बारीक जाळीवरही योग्य मूल्य देते. ६ गुणिले व्हिस्कॉसिटी, भागिले ०.०७५ आणि अंतराचा वर्ग, या सूत्राने आपल्या पहिल्या पेटीत ओमेगा १ कोटी ४० लाखांच्या घरात जातो. हा आकडा बघून घाबरू नका, तो बरोबर आहे.

टप्पा ५: सोडवणे

वेग आणि दाब यांची सांगड घालायला सिम्पल पद्धत वापरायची. ही पद्धत सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये मांडली. पाटणकर पुण्याचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि आयआयटी मुंबईत शिकून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेलेले. जगभरच्या सीएफडी, म्हणजे संगणकावर प्रवाह सोडवणाऱ्या, प्रोग्रामांत आजही त्यांची पद्धत किंवा तिची भावंडे चालतात. मराठी वाचकाने हे नाव माहीत करून घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

पद्धत अशी: आधीच्या दाबावरून वेग काढायचा. तो वेग वस्तुमानाचा हिशेब पाळत नाही, म्हणून दाबात दुरुस्ती काढायची, तिने वेग सुधारायचा, मग के आणि ओमेगा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती पूर्ण लावली तर गणित उसळते, म्हणून तिचा भागच लावतात. दाबासाठी ०.३ आणि वेगासाठी ०.७ पासून सुरुवात करा, के आणि ओमेगासाठी ०.५. पहिल्या शंभर फेऱ्यांत आकडे उधळले तर वेगाचे ०.५ करा. तरीही उधळले तर आकडे कमी करत बसू नका. जाळी नाहीतर कडांच्या अटी चुकल्या आहेत, तिकडे वळा.

पहिल्या ३०० फेऱ्या वेगाच्या वहनासाठी साधी अपविंड योजना, म्हणजे प्रवाह जिकडून येतो त्या पेटीचेच मूल्य घेणारी, ठेवा. ती ओबडधोबड पण स्थिर आहे. नंतर लिनियर अपविंड लावा आणि तिच्यावरच शेवटपर्यंत जा. कारण समजून घ्या: अपविंड योजना प्रवाहात स्वतःची खोटी व्हिस्कॉसिटी मिसळते, साधारण वेग गुणिले पेटीची लांबी भागिले २. ४४.२ मीटर प्रति सेकंद आणि १ मिमीची पेटी घेतली तर ती ०.०२२ येते, म्हणजे हवेच्या १,४०० पट. प्रवाह जाळीला तिरका जातो तिथे ही सगळी अंगावर येते, आणि पायरीमागे तो तिरकाच जातो. अशा गणितात तुम्ही कुठले टर्ब्युलन्स मॉडेल निवडले याला अर्थ उरत नाही.

अवशेष, म्हणजे रेसिड्युअल, समीकरणे सुटायची किती बाकी आहेत ते माप, १० च्या उणे ५ व्या घाताखाली जाऊ द्या. पण अवशेष खाली गेले म्हणून थांबायचे नाही. खालच्या भिंतीवरचे घर्षण दर १०० फेऱ्यांनी लिहून ठेवा आणि टेकण्याची जागा हलायची थांबली की मगच थांबा. अवशेष मधेच एका पातळीवर लाटांसारखे हलत राहिले तर टेकण्याची जागाही पुढे-मागे होते आहे का ते बघा. होत असेल तर बाहेरची कड जवळ पडली आहे किंवा पायरीजवळची जाळी जाडी आहे.

टप्पा ६: आकडा वाचणे

टेकण्याची जागा म्हणजे खालच्या भिंतीवरचे घर्षण चिन्ह बदलते ती जागा. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली: ओपनफोममध्ये वॉल शिअर स्ट्रेस, म्हणजे हेच घर्षण, पुढे वाहणाऱ्या प्रवाहालाही ऋण येतो. म्हणून चिन्ह कोणते ते पाहू नका, ते कुठे बदलते ते पाहा. दुसरी: पायरीच्या अगदी कोपऱ्यात उलट्या दिशेचा आणखी एक छोटा भोवरा असतो, त्यामुळे चिन्ह दोनदा बदलते. पहिला बदल त्या कोपऱ्याचा, साधारण एका उंचीच्या आसपास. आपल्याला दुसरा हवा.

एसएसटीने उत्तर ६.५ च्या जवळपास यायला हवे. साध्या के-एप्सिलॉनला वॉल फंक्शन लावून चालवले तर ५ ते ५.५ मिळते, कारण ते सुटलेल्या थरात टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी जास्त धरते, थर लवकर पसरतो आणि लवकर टेकतो. तुमचा एसएसटीचा आकडा ५ आला तर क्रमाने पाहा: वहनाची योजना अपविंडच राहिली का, प्रवेशाचा ओमेगा, मग पायरीआधीच्या बाउंडरी लेयरची जाडी. ८ आला तर बहुधा गणित अजून संपलेले नाही, किंवा टर्ब्युलन्स मॉडेलची फाइल लॅमिनारवर राहिली आहे. वाय-प्लसही छापून घ्या. अंदाजाने काढलेला १ प्रत्यक्षात १.५ आला तरी चालेल, ५ आला तर जाळी पुन्हा करायची.

आणि ६.२६ अगदी तंतोतंत आला तर आनंद थोडा लांबवा. दोन चुका एकमेकींना खाऊन बरोबर आकडा येणे या विषयात नेहमीचे आहे. त्याची परीक्षा जाळी बदलून होते. दोन्ही दिशांना निम्म्या पेट्यांची एक आणि दुप्पट पेट्यांची एक, अशा आणखी दोन जाळ्यांवर गणित करा. समजा जाड जाळीवर ५.९, मधल्यावर ६.३ आणि बारीकवर ६.४ आले. फरक ०.४ आणि ०.१, गुणोत्तर ४, म्हणजे दर वेळी पेटी निम्मी केली की चूक चौथाई होते, योजना दुसऱ्या कोटीची आहे हे दिसले. पेटी शून्याकडे नेली तर उत्तर ६.४ अधिक ०.१ भागिले ३, म्हणजे ६.४३. आता ६.४३ आणि ६.२६ मधला फरक मॉडेलचा आणि कडांच्या अटींचा, जाळीचा नाही, असे म्हणायचा अधिकार तुम्हाला मिळतो. फरकांचे गुणोत्तर १ च्या जवळ आले किंवा आकडे वर-खाली उड्या मारू लागले तर जाड जाळी फारच जाड आहे, ती टाकून आणखी बारीक जाळी घ्या.

टेकण्याच्या जागेवर थांबू नका. पायरीनंतर १, ४, ६ आणि १० उंच्यांवरचे वेगाचे आलेख मोजमापाशेजारी ठेवून बघा. टेकल्यानंतर भिंतीजवळचा वेग प्रयोगापेक्षा हळू सावरतो, हा दोष बहुतेक रॅन्स मॉडेलांत दिसतो. तो तुमच्याही आलेखात दिसला तर ते चांगले लक्षण समजा.

एलईएसकडे जाताना

इथपर्यंत सगळे जमले की एलईएसचा हिशेब मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय सुरुवात करू नये. भिंतीचे एकक, म्हणजे वाय-प्लस १ चे अंतर, आपल्याला ठाऊक आहे, ९.४ मायक्रॉन. भिंतीपर्यंत सोडवायच्या एलईएसला प्रवाहाच्या दिशेत सुमारे ६० एकके लागतात, म्हणजे ०.५६ मिमी, आणि रुंदीत २० एकके, म्हणजे ०.१९ मिमी. रुंदी पायरीच्या ४ पट घेतली तर आडव्या २७० पेट्या. पायरीआधी १० आणि नंतर २० उंच्या लांबी धरली तर ६८० पेट्या. उभ्या १५० धरल्या की पावणेतीन कोटी पेट्या होतात. धारेपाशी कूरांट संख्या, म्हणजे वेळेच्या एका पावलात हवा किती पेट्या ओलांडते तो आकडा, १ च्या खाली ठेवायला वेळेचे पाऊल १ मायक्रोसेकंदाच्या आसपास येते. हवा एवढे क्षेत्र ८.६ मिलिसेकंदांत ओलांडते. निदान दहा फेऱ्यांची सरासरी हवी, म्हणजे ८६ हजार पावले, आणि सुरुवातीचा गोंधळ निघून जायला दोन-तीन फेऱ्या वेगळ्या.

रुंदी वाचवण्यासाठी एलईएस द्विमितीत करू नका. मोठे भोवरे ताणले जाऊन बारीक होतात ही टर्ब्युलन्सची मुख्य हालचाल, आणि द्विमितीत ती होऊच शकत नाही. चित्रात भोवरे सुंदर दिसतात, पण ते त्या प्रवाहाचे नसतात. रुंदीच्या दोन बाजूंना एकमेकींशी जोडणारी सायक्लिक अट द्या. प्रवेशाला सपाट वेगही चालणार नाही. ११० उंच्यांची वाट आता परवडत नाही, म्हणून आत येणाऱ्या हवेतच खरे भासणारे भोवरे मिसळावे लागतात, आणि त्यांना सावरायला पायरीआधीच्या १० उंच्यांतला बराच भाग जातो. रेनॉल्ड्स संख्या कमी करून शिकायचे असेल तर ले, मोइन आणि किम यांची १९९७ ची डीएनएस आदर्श आहे: पायरीच्या उंचीवर रेनॉल्ड्स संख्या ५,१००, जाळी ७६८ गुणिले १९२ गुणिले ६४, टेकण्याचे अंतर ६.२८ उंच्या. तिथे पेट्या पुष्कळ कमी लागतात आणि पडताळायला पूर्ण आकडे मिळतात.

एलईएसची सुरुवात स्थिर हवेपासून न करता तुमच्याच रॅन्सच्या उत्तरापासून करा. मॅपफील्ड्स ही आज्ञा द्विमितीतला वेग त्रिमितीच्या जाळीवर उतरवते. त्यावर वेगाच्या दोन-तीन टक्क्यांची अनियमित चढउतार टाका, नाहीतर रुंदीच्या सगळ्या पेट्यांत तंतोतंत तोच प्रवाह राहतो आणि भोवरे फुटायला फार वेळ लागतो.